न दिसणारें बेट

वऱ्हाडांतील पोहरादेवी हें गांव कोणत्याहि समुद्रापासून शेंकडों मैल दूर आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत वसलेल्या या गांवीं संत सेवालाल महाराजांची समाधि असल्यानें बंजारा समाज त्यास आपली काशी मानतो, आणि रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या प्रांतांतून तांड्यातांड्यांवरची मंडळी येथें लोटते. समुद्राची गाज या गांवापर्यंत कधीं पोंचलेली नाहीं. तथापि समुद्राशीं या समाजाचा संबंध जुना आहे व निकटचाहि आहे. तो संबंध पाण्याचा नव्हे, मिठाचा. लमाण, लंबाणी हीं जीं नांवें या समाजास मिळालीं, तीं ‘लवण’ या शब्दावरून आलीं असें सामान्यतः सांगितलें जातें.

सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत वारंवार येऊन फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानें या फिरत्या व्यापाऱ्यांचे चार वर्ग वर्णिले आहेत. एक वर्ग गहूं वाही, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी, आणि चौथ्याचा सारा जन्म मीठ वाहण्यांत जाई. दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला म्हणजे अरुंद वाटेवरील प्रवाशास दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावें लागे, अशी त्याची तक्रार आहे. इंग्रज प्रवासी पीटर मंडी यास १६३२ सालीं धान्यानें लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. या सर्व व्यवहाराची युक्ति साधी होती. बैल चालतां चालतां वाटेवरील रान चरत, त्यामुळें वैरणीचा खर्च जवळ जवळ नाहींच. पाठीवर दोहों बाजूंस गोणी टाकल्या कीं चाल सुरू. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा. त्यांच्या काळीं हा व्यापार भरांत होता, आणि त्यांचें घराणेंहि गुरेंढोरें बाळगून असलेलेंच होतें.

कोंकणच्या खाडीकांठीं आगरी लोक भरतीचें पाणी मिठागरांत घेत, उन्हानें तें आटवीत, आणि उरलेलें मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढे. वऱ्हाडांत पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढण्याचा धंदाहि एके काळीं होता, पण तो विषय निराळा. देशावरच्या खेड्यांतील गृहिणीच्या हातीं समुद्राची एकच वस्तु नित्य येई, ती ही. १८६७ सालीं लोहमार्ग नागपूरपर्यंत गेला आणि बैलांच्या तांड्यांचे दिवस भरले. मिठाची वाघिणींतून वाहतूक होऊं लागली, तांडे शेतीकडे व मजुरीकडे वळले. पोहरादेवीस ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा समाजाच्या वारशाचें जें संग्रहालय उघडलें, त्याच्या मागें हा सारा गतकाळ उभा आहे.

समुद्रांत जें असेल तें मिठांत उतरावयाचें, हा सरळ न्याय आहे. २०१८ सालीं पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील दोघा संशोधकांनीं भारतांतील बाजारी समुद्रमीठ तपासलें, तेव्हां त्यांस प्रत्येक नमुन्यांत प्लॅस्टिकचे बारीक कण आढळले. त्या तपासणीचा तपशील पुढें येईल. येथें एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे कीं, ज्या समुद्रांत प्लॅस्टिक इतकें भिनलें आहे कीं त्याच्या मिठांतहि तें सांपडावें, त्या समुद्राकडे पाहणाऱ्या माणसास तें इतकीं वर्षें दिसलें कसें नाहीं? नाविक, कोळी, प्रवासी, शास्त्रज्ञ, सारेच या पाण्यावरून जात-येत होते.

या प्रश्नास एक लोकप्रिय उत्तर आहे, आणि तें चुकीचें आहे. प्रशांत महासागरांत कचऱ्याचें एक अफाट बेट तरंगत आहे, त्यावर माणूस चालूं शकेल, तें आकाशांतूनहि दिसतें, अशी समजूत वर्तमानपत्रांनीं व चित्रपटांनीं घरोघर पोंचविली आहे. त्या सोबत जीं छायाचित्रें छापलीं जातात, तीं पुष्कळदां एखाद्या बंदरांतील अथवा नदीच्या मुखाशीं सांचलेल्या कचऱ्याचीं असतात. खुल्या महासागरांत असें बेट नाहीं. जें आहे तें बेटाहून अधिक चिंताजनक आहे, पण तें पाहावयास डोळा पुरत नाहीं. तें जाळ्यानें गाळावें लागतें, चिमट्यानें वेंचावें लागतें आणि तराजूंत तोलावें लागतें. त्याचा शोध कसा लागला याचा इतिहास म्हणजे नुसत्या दृष्टीवरचा विश्वास हळूहळू उडत गेल्याचा इतिहास होय.

पूर्वीच्या समुद्रांतहि तरंगणाऱ्या वस्तु कांहीं कमी नव्हत्या. नारळ, ओंडके, फुटक्या गलबतांच्या फळ्या कोंकणच्या पुळणीवर नेहमींच लागत. १८८३ सालीं क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, तेव्हां त्यांतून निघालेल्या सच्छिद्र दगडांचे तांडेच्या तांडे हिंदी महासागरावरून तरंगत आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाऊन लागले. जहाजांवरील लोकांनीं ते पाहिले व नोंदले. पण दगड कालांतरानें बुडतो, लांकूड कुजतें, नारळ रुजतो किंवा सडतो. समुद्राच्या पोटांत न जिरणारी वस्तु माणसानें पुढें तयार केली.

१९३३ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडमधील एका रसायनकंपनीच्या प्रयोगशाळेंत पॉलिथीन हा पदार्थ जवळ जवळ अपघातानेंच हातीं लागला. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या तारांवर वेष्टण म्हणून तो कामीं आला आणि युद्ध संपतांच घरगुती वस्तूंत शिरला. १९५० सालीं साऱ्या जगांत प्लॅस्टिकचें उत्पादन सुमारें २० लक्ष टन होतें. २०१५ सालीं तें ३८ कोटी टनांवर गेलें. तोंवर माणसानें एकंदर ८३० कोटी टन प्लॅस्टिक निर्माण केलें होतें, आणि त्यांतून जो कचरा झाला त्याचा केवळ शेंकडा ९ भाग पुन्हां उपयोगांत आला. भारतांत १९५७ सालीं पॉलिस्टायरीनच्या उत्पादनानें या धंद्याची सुरुवात झाली. त्याच सुमारास कोळीवाड्यांतून सणाच्या व सुताच्या जाळ्यांची जागा नायलॉन घेऊं लागलें. जाळें हलकें झालें, कुजेनासें झालें, सालीच्या काढ्यांत तें भिजवून ठेवण्याचा त्रास वांचला. कोळ्यांस यांत आनंद न वाटता तरच नवल.

समुद्रांतील प्लॅस्टिकची पहिली नोंद मोठी मौजेची आहे. ॲलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञानें समुद्रांतील सूक्ष्म जीव गोळा करण्याकरितां एक यंत्र योजिलें होतें. व्यापारी जहाजाच्या मागें तें ओढीत न्यावयाचें, आणि आंतील रेशमी पट्टीवर पाण्यांतील जीव आपोआप गाळले जावयाचे. १९३१ पासून उत्तर अटलांटिकमध्यें हें यंत्र नियमानें फिरत आहे. १९५७ सालीं या यंत्रांत मासेमारीच्या जाळ्याची दोरी अडकली व तें बिघडलें. १९६५ सालीं आयर्लंडच्या वायव्येस एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली. कारकुनानें रोजनिशींत यंत्राच्या बिघाडाचें कारण म्हणून या गोष्टी लिहिल्या आणि वही मिटली. त्यांत समुद्राच्या इतिहासाचा एक आरंभबिंदु आहे, हें २०१९ सालीं त्या वह्या पुन्हां चाळल्या गेल्या तेव्हां ध्यानीं आलें. वस्तु दिसली होती. पण ती बिघाड म्हणून दिसली, बातमी म्हणून नव्हे.

डोळा पाण्याच्या जितका जवळ, तितकें त्यास अधिक दिसतें. १९७० सालीं नॉर्वेचा साहसी प्रवासी थोर हायरडाल पपायरसच्या लव्हाळ्यांची नाव घेऊन अटलांटिक महासागर ओलांडून गेला. नावेचा कांठ पाण्याला जवळ जवळ टेकलेला होता. ५७ दिवसांच्या प्रवासांत ४३ दिवशीं त्याला पाण्यावर खनिज तेलाचे गोळे तरंगतांना आढळले, आणि त्यानें तें संयुक्त राष्ट्रसंघाला कळविलें. त्याच महासागरावरून उंच डेकच्या आगबोटींतून जाणाऱ्या हजारों प्रवाशांनीं यांतलें कांहीं पाहिलें नव्हतें.

खरा शोध मात्र जाळ्यानेंच लागला. अमेरिकेंतील वुड्स होल येथील एडवर्ड कारपेंटर व के. एल. स्मिथ हे सारगासो समुद्रांत पृष्ठभागावरील शेवाळ गोळा करीत होते. शेवाळाबरोबर जाळ्यांत वारंवार बारीक गोळ्या व तुकडे येत. १९७२ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत हिशेब दिला तो असा: दर चौरस किलोमीटरला सरासरी ३,५०० तुकडे, आणि त्यांचें वजन २९० ग्रॅम. एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर पाव किलोहून किंचित् अधिक वजनाचा माल विखुरलेला! तो कप्तानाच्या दुर्बिणींतून दिसावा ही अपेक्षाच व्यर्थ. लेखकांनीं तेव्हांच इशारा दिला होता कीं, उत्पादन असेंच वाढत राहिलें तर पृष्ठभागावरील प्रमाणहि वाढेल. पुढच्याच वर्षीं प्रशांत महासागराच्या मध्यभागीं एका जहाजाच्या डेकवरून केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. सुमारें आठ तासांच्या टेहळणींत माणसाच्या हातच्या ५३ वस्तु दिसल्या, त्यांतील निम्म्याहून अधिक प्लॅस्टिकच्या. या दोन मोजण्या शेजारीं ठेवून पाहाव्या. डोळ्यानें मोजलें तर तासाला सहा-सात वस्तु. जाळ्यानें मोजलें तर प्रत्येक चौरस किलोमीटरला हजारों.

यानंतर बरींच वर्षें हा विषय विद्वानांच्या नियतकालिकांतच राहिला. कायद्यानें मात्र एक पाऊल टाकलें. जहाजांवरून समुद्रांत प्लॅस्टिक टाकण्यास आंतरराष्ट्रीय कराराच्या एका परिशिष्टानें बंदी घातली, ती १९८८ च्या अखेरीस अंमलांत आली. सामान्य लोकांचें लक्ष वेधलें तें एका निराळ्याच प्रकारानें. १९९० सालीं वादळांत एका जहाजावरून पेट्या पडल्या व हजारों बूट प्रशांत महासागरांत तरंगूं लागले. १९९२ च्या जानेवारींत दुसऱ्या एका जहाजावरून स्नानगृहांतील २८,८०० खेळणीं पडलीं. पिवळीं बदकें, हिरवे बेडूक, निळीं कासवें, तांबडे बीव्हर! तीं कोणत्या किनाऱ्याला केव्हां लागलीं याची नोंद ठेवून कर्टिस एब्समायर या शास्त्रज्ञानें समुद्रप्रवाहांचे मार्ग पडताळून पाहिले. बदक ओळखतां येतें, म्हणून बदकाची बातमी झाली. फुटलेल्या बादलीच्या कपच्यांना असें भाग्य लाभत नाहीं.

१९९७ सालीं चार्ल्स मूर हा अमेरिकन नाविक हवाईहून कॅलिफोर्नियास परततांना नेहमींचा मार्ग सोडून प्रशांत महासागराच्या संथ मध्यभागांतून गेला. वारा मंद, प्रवाह वर्तुळाकार, अशा त्या प्रदेशांत त्यास दिवसचे दिवस कसले ना कसले तुकडे दिसत राहिले. परंतु त्यानें पाहिलें एवढ्यावर तो थांबला नाहीं, ही त्याची खरी योग्यता. १९९९ सालीं तो जाळें घेऊन परत गेला. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेला त्याचा आंकडा दर चौरस किलोमीटरला ३,३४,२७१ तुकडे व ५,११४ ग्रॅम वजन असा आहे. त्याच जाळ्यांत आलेल्या जीवांच्या वजनापेक्षां प्लॅस्टिक सहापट भरलें. आंकडा भयंकर आहे, पण त्याची फोड करून पाहिली म्हणजे बेटाची कल्पना तत्काळ विरघळते. तीन चौरस मीटर पाण्यांत एक तुकडा, एका चौरस मीटरला पांच मिलिग्रॅम. हें बेट नव्हे. हें फार तर विरळ धुकें आहे. एब्समायरनें या प्रदेशास कचऱ्याचा पट्टा असें नांव दिलें, आणि वर्तमानपत्रांनीं त्याचें बेट केलें.

पुढें २०१८ सालीं लॉरां लब्रेतां व त्याच्या सहकाऱ्यांनीं अनेक जहाजांच्या जाळ्यांनीं व विमानांतून केलेल्या पाहणीवरून या पट्ट्याचें मोजमाप दिलें. क्षेत्रफळ १६ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पांचपट, प्लॅस्टिक ७९,००० टन, तुकडे १.८ लक्ष कोटी. यांतील वजनाचा शेंकडा ४६ भाग मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. तुकड्यांच्या संख्येंत मात्र शेंकडा ९४ हे पांच मिलिमीटरहून लहान कण आहेत, आणि वजनांत त्यांचा वांटा अवघा शेंकडा ८. जें विमानांतून दिसतें तें वजनांत भारी, जें दिसत नाहीं तें संख्येंत. माशाच्या पोटांत जावयाला संख्याच पुरते.

या बारीक कणांस ‘सूक्ष्म प्लॅस्टिक’ हें नांव रूढ केलें तें इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्पसननें, २००४ सालीं. त्यानें हार्डीच्या यंत्रांतील जतन केलेल्या जुन्या रेशमी पट्ट्या पुन्हां काढून तपासल्या. १९६० नंतरच्या पट्ट्यांत प्लॅस्टिकचे तंतु होते, आणि पुढच्या दशकांत ते वाढत गेलेले दिसले. म्हणजे पुरावा चाळीस वर्षें कपाटांत बंद होता. त्याच्या लेखाच्या शीर्षकांत हरवलेल्या प्लॅस्टिकविषयींचा जो प्रश्न आहे, तो पुढील दहा वर्षांत अधिकच बिकट झाला. अटलांटिकमध्यें शिडाच्या जहाजांवरील विद्यार्थ्यांनीं १९८६ पासून बावीस वर्षें ओढलेल्या सहा हजारांवर जाळ्यांतून चौसष्ट हजारांवर तुकडे निघाले. पण त्या काळांत जगाचें उत्पादन कितीतरी पटींनीं वाढलें असतां पाण्यावरील प्रमाण वाढलेलें आढळलें नाहीं. २०१४ सालीं आंद्रेस कोझार या स्पॅनिश शास्त्रज्ञानें जगाच्या खुल्या महासागरांच्या पृष्ठभागावर एकूण सात हजार ते पस्तीस हजार टन प्लॅस्टिक असावें असा अंदाज काढला. उलट जॅम्बेक व तिच्या सहकाऱ्यांच्या २०१५ मधील गणिताप्रमाणें एकट्या २०१० सालीं जमिनीवरून समुद्रांत गेलेलें प्लॅस्टिक ४८ लक्ष ते १२७ लक्ष टन होतें. अंदाज दुप्पट-तिप्पट चुकला असें धरलें, तरीहि शंभरांतील नव्याण्णव भाग पृष्ठभागावर नाहींतच. कांहीं तळाशीं बुडालें, कांहींवर शेवाळ व शिंपले चढून तें जड झालें, कांहीं इतकें बारीक झालें कीं जाळ्याच्या छिद्रांतून निसटलें, आणि पुष्कळसें किनाऱ्यावर परत आलें. वारा जरा वाढला कीं तरंगणारे कणहि लाटांबरोबर कांहीं मीटर खालीं ढवळले जातात, मग जाळ्यालाहि ते पुरते सांपडत नाहींत.

मनुष्यानें आतां आकाशांतून डोळे लावले आहेत. २०२० सालीं युरोपच्या उपग्रहाच्या चित्रांतून तरंगणारें प्लॅस्टिक ओळखण्याची रीत प्रसिद्ध झाली. पण त्या चित्रांतील एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांबी-रुंदीचें पाणी, तेव्हां शेवाळ, फेस व लांकडें यांसह कचऱ्याची दाट ओळ जमली असेल तेथेंच ती लागू पडते. २०२१ मध्यें अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं लाटांचा खडबडीतपणा रडारनें मोजून सूक्ष्म प्लॅस्टिकचे नकाशे काढले. त्यांच्याच पुढील प्रयोगांत असें निघालें कीं, लाटा मवाळ होतात त्या प्लॅस्टिकमुळें नव्हे, तर त्यासोबत असणाऱ्या तेलकट द्रव्यांमुळें. उपग्रहानें दाखविलें तें प्लॅस्टिकचें सावट होतें, प्लॅस्टिक नव्हे. स्वतःच्या शोधाची अशी तपासणी करणें ही शास्त्राची रीतच आहे, तरी तिचें कौतुक केलें पाहिजे.

आपल्या बाजूच्या समुद्रांची गोष्ट आणखी निराळी. प्रशांत व अटलांटिक महासागरांत वर्षानुवर्षें एकाच दिशेनें फिरणारे मोठे भोंवरे आहेत, त्यांच्या पोटांत कचरा सांचतो. अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांवर मोसमी वाऱ्यांचें राज्य आहे. वर्षांतून दोनदां वारा उलटतो व त्याबरोबर प्रवाहहि उलटतो, त्यामुळें येथें कायमचा पट्टा जमत नाहीं. मग कचरा जातो कोठें? बराचसा माघारा येतो. पावसाळ्यांत मोठ्या भरतीनंतर मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर समुद्र जें ओकून टाकतो, तें साऱ्या शहराला ठाऊक आहे. वर्सोव्याच्या पुळणीवर २०१५ पासून अफरोज शाह व त्यांच्या सोबत्यांनीं जें उचलण्याचें काम आरंभिलें, त्याची संयुक्त राष्ट्रसंघानें २०१६ सालीं पारितोषिक देऊन दखल घेतली. मुंबईच्याच मत्स्यशिक्षण संस्थेंतील संशोधकांनीं जुहू, वर्सोवा, आक्सा व दादर या चार पुळणींची भरतीरेषा तपासून २०१३ सालीं आंकडे दिले: दर चौरस मीटरला सरासरी ६८.८३ तुकडे, वजन ७.४९ ग्रॅम. प्रशांत महासागराच्या कुप्रसिद्ध पट्ट्यांत लब्रेतांच्या हिशेबानें एका चौरस मीटरला सुमारें ४९ मिलिग्रॅम पडतें. म्हणजे वजनाच्या मानानें मुंबईची पुळण त्या ‘बेटा’हून दीडशेंपट दाट. ज्याला बेट पाहावयाचें असेल त्यानें प्रशांत महासागरांत कशाला जावें?

कधीं कधीं हें सारें एका दिवसांतहि दिसतें. २०२१ सालीं कोलंबोजवळ जळून बुडालेल्या जहाजांतून, आणि २५ मे २०२५ रोजीं केरळच्या किनाऱ्यापासून दूर बुडालेल्या दुसऱ्या जहाजांतून, कच्च्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या गोळ्या पुळणींवर पसरल्या. दुरून पाहणारास त्या साबुदाणा किंवा जाडें मीठ वाटाव्या. अपघाताची चौकशी होते, भरपाईचे दावे होतात. जें रोज थोडें थोडें जातें, त्याचा फिर्यादी कोणी नसतो.

तें जातें कोठून, हें पाहावयाचें तर पुन्हां वऱ्हाडांत यावें लागतें. मानोरा-दिग्रस भागांतून वाहणारी अरुणावती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा व वैनगंगा यांची मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरींत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरांत. पोहरादेवीच्या ओढ्यांत टाकलेली बाटली थेट समुद्राला पोंचेल असें मात्र नाहीं. दिग्रसजवळ अरुणावतीवर धरण आहे, पुढें बंधारे आहेत, राजमहेंद्रीखालीं धवळेश्वरम् येथें आर्थर कॉटनच्या नांवाचा बंधारा आहे. बाटली कोठें तरी अडकते, उन्हांत तडकते, तिच्या कपच्या होतात, आणि पूर आला कीं त्या कपच्या दारांवरून निघून जातात. दिसणारें अडतें व न दिसणारें पुढें जातें, हा नियम येथेंहि लागू आहे. सेवालाल महाराजांनीं एक रुपयाला वाटीभर पाणी विकलें जाईल असें भाकीत केलें होतें, असें त्यांचे भक्त परंपरेनें सांगत आले आहेत. पाण्याची बाटली आज खेड्यापाड्यांच्या यात्रांतूनहि विकली जाते, आणि भाव रुपयाच्या पुष्कळ पुढें गेला आहे. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें पिशव्या व थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली; बाटल्यांवर सरसकट घातली नाहीं. जगभरासाठीं एक करार करावा म्हणून २०२२ सालीं नैरोबींत ठराव झाला, पण ऑगस्ट २०२५ मधील जिनीव्हाची बैठक एकमत न होतांच संपली.

आतां मिठाची ती तपासणी. एक किलो मीठ मिळावें म्हणून तीस-पस्तीस लिटर समुद्रजल आटवावें लागतें. सूर्य पाणी उचलतो, बाकीचें सारें मागें ठेवतो. त्या अर्थानें प्रत्येक मिठागर हें एक जाळें आहे, आणि त्याचीं छिद्रें कोणत्याहि शास्त्रज्ञाच्या जाळ्याहून बारीक. पवईच्या संशोधकांनीं आठ प्रकारचें बाजारी मीठ घेतलें, तें पाण्यांत विरघळविलें, त्यांतील सेंद्रिय द्रव्य रसायनानें नाहींसें केलें, द्रावण गाळलें आणि गाळणकागदावर उरलेलें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजलें. सर्व मिळून ६२६ कण निघाले. त्यांतील शेंकडा ६३ तुकडे व ३७ तंतु. पॉलिएस्टर, बाटलीचें प्लॅस्टिक, नायलॉनच्या जातीचीं द्रव्यें, पॉलिथीन, पॉलिस्टायरीन, सारीं ओळखीचींच. निरनिराळ्या मिठांत किलोमागें सरासरी ५६ पासून १०३ पर्यंत कण. दिवसाकांठीं पांच ग्रॅम मीठ खाणाऱ्या माणसाच्या पोटांत वर्षाला यांतून जाणारें प्लॅस्टिक सुमारें ०.११७ मिलिग्रॅम भरतें. राईच्या दाण्यापेक्षांहि हें वजन किती तरी कमी, तेव्हां घाबरून मीठ सोडण्याचें कारण नाहीं. या आंकड्याचें महत्त्व दुसरेंच आहे. जो समुद्र डेकवरून, विमानांतून व उपग्रहावरून पाहूनहि नीट दिसला नाहीं, तो मिठाच्या रूपानें मोजतां आला. आणि तो मोजण्यास महासागरावर जावें लागलें नाहीं.

त्याच संशोधकांनीं एक उपायहि करून पाहिला. आगरांत घेण्यापूर्वीं समुद्राचें पाणी वाळूच्या साध्या थरांतून गाळून घेतलें, तर त्यांतील प्लॅस्टिक वजनानें शेंकडा ८५ हून अधिक व संख्येनें शेंकडा ९० हून अधिक निघून जातें, असें त्यांस आढळलें. कोंकणांतील जुन्या पद्धतीच्या आगरांत असा थर नसतो. तेथें भरती चढली कीं बांधाचें दार उघडतात, आणि खाडीचें पाणी, त्यांत जें असेल त्यासकट, सरळ आंत येतें.